सुझुकी कपलिंगने १,३-डायीन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

रेशीमकिड्याची मादी नराला बोलावते ती एका डायीनच्या वासाने. डायीन म्हणजे दोन दुहेरी बंध असलेला रेणू; १,३-डायीनमध्ये त्या दोघांच्या मधे एकच एकेरी बंध असतो. बॉम्बिकॉल हे त्याचं नाव. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ साली सुमारे ५ लाख माद्यांमधून तो वेगळा काढला. सोळा कार्बनची साखळी, टोकाला अल्कोहोल आणि मधे दोन दुहेरी बंध: दहाव्या कार्बनवर ई (मुख्य गट बंधाच्या विरुद्ध बाजूंना), बाराव्यावर झेड (एकाच बाजूला). भूमिती बदलली की नराचं लक्ष उडतं. पुढे १९८३ मध्ये होक्काइडो विद्यापीठात मियाउरा आणि सुझुकी यांच्या गटाने बॉम्बिकॉल आणि त्याचे उरलेले तिन्ही भूमितीय समघटक, असे चारही रेणू एकाच पद्धतीने बनवून दाखवले. ती पद्धत म्हणजे आज ज्याला आपण सुझुकी कपलिंग म्हणतो ती: बोरॉन असलेला एक तुकडा आणि हॅलोजन असलेला दुसरा, पॅलेडियमच्या मदतीने जोडायचे. पहिला शोधनिबंध १९७९ चा, आणि तो डायीनवरच होता.

हा लेख एमएससीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला डायीन हाती आलेल्यांसाठी आहे. उदाहरण साधं घेतलं आहे: (१ई,३ई)-१-फेनिलऑक्टा-१,३-डायीन, २ मिलिमोल प्रमाणात. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. या कपलिंगमध्ये दोन्ही बाजूंची भूमिती जशीच्या तशी पुढे जाते. त्यामुळे तुमच्या डायीनमध्ये किती ई आणि किती झेड असणार, हे पॅलेडियम फ्लास्कमध्ये पडायच्या आधीच ठरलेलं असतं. नवखी मंडळी कॅटॅलिस्ट आणि लिगँड बदलत महिना घालवतात आणि चूक निघते ब्रोमाइडच्या बाटलीत.

## १. हीच पद्धत हवी का, ते आधी ठरवा

दोन्ही दुहेरी बंधांची भूमिती नेमकी हवी असेल आणि मधला एकेरी बंध नव्याने जोडायचा असेल, तर सुझुकी.

दुसऱ्या बाजूला एस्टर हवा असेल, म्हणजे डायीनोएट, तर व्हिनाइल आयोडाइड आणि मिथाइल अ‍ॅक्रिलेटची हेक अभिक्रिया सोपी पडते. तिथे जेफरीच्या अटी वापरा: पॅलेडियम अ‍ॅसिटेट, टेट्राब्युटाइलअमोनियम क्लोराइड, सौम्य बेस, डीएमएफ, खोलीचं तापमान. तापवलंत तर भूमिती घसरायला लागते. दुसऱ्या कार्बनवर गट असलेला डायीन हवा असेल तर अल्काइन आणि इथिलीनची ईन-आईन मेटाथेसिस: ग्रब्ज दुसऱ्या पिढीचा कॅटॅलिस्ट आणि एक वातावरण दाबाचा इथिलीनचा फुगा. स्टिले कपलिंगही चालतं, पण टिनचे अवशेष विषारी असतात आणि कॉलममधून सहज जात नाहीत. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

## २. रेणू कुठे तोडायचा

डायीनचे दोन तुकडे मधल्या एकेरी बंधावर पडतात. एक तुकडा व्हिनाइल हॅलाइड, दुसरा व्हिनाइल बोरोनेट. कोणता तुकडा कोणाला द्यायचा? टोकाच्या अल्काइनपासून ई-बोरोनेट सहज मिळतो, म्हणून अल्किल साखळीच्या बाजूला बोरॉन ठेवा आणि फेनिलच्या बाजूला ब्रोमीन.

झेड भूमिती हवी असेल तर ती शक्यतो हॅलाइडच्या बाजूला टाका. झेड-बोरोनेट बनवता येतात, रोडियम किंवा इरिडियम वापरून ट्रान्स-हायड्रोबोरेशन होतं, पण पहिल्या प्रयत्नाला ती कसरत नको.

## ३. सामान

- बीटा-ब्रोमोस्टायरीन (मोलर वस्तुमान १८३.०५)
- १-हेक्झाइन (८२.१४) आणि पिनाकोलबोरेन (१२७.९८)
- श्वार्त्झ रिएजंट, म्हणजे झर्कोनोसीन क्लोराइड हायड्राइड (२५७.९), आणि ट्रायइथाइलअमाइन
- पॅलेडियम डीपीपीएफ (एक फॉस्फीन लिगँड) डायक्लोराइडचं डायक्लोरोमिथेन संयुग (८१६.६)
- ट्रायबेसिक पोटॅशियम फॉस्फेट, निर्जल (२१२.३)
- डायॉक्झेन, हेक्झेन, सिलिका, सेलाइट
- २५ मिलि श्लेंक ट्यूब, सेप्टम, लांब सुई, अरगॉन किंवा कोरडा नायट्रोजन, व्हॅक्यूम लाइन
- जीसी-एमएस, आणि एनएमआरचा स्लॉट. तो आधीच बुक करा.

पोटॅशियम फॉस्फेटची बाटली उचलताना लेबल दोनदा वाचा. मोनोबेसिक, डायबेसिक आणि ट्रायबेसिक अशा तिन्ही बाटल्या कपाटात शेजारी-शेजारी असतात. पहिल्या दोघांत या कामापुरता बेस नाही. कपलिंग अडकतं आणि दोष कॅटॅलिस्टला जातो.

पॅलेडियम टेट्राकिस(ट्रायफेनिलफॉस्फीन) का नाही? तो चालतो, पण हवेत आणि उबेत बिघडतो. चांगला टेट्राकिस लिंबासारखा पिवळाधमक दिसतो. हिरवट किंवा तपकिरी झाला असेल तर टाकून द्या. डीपीपीएफचं केशरी संयुग हवेत तोलता येतं, नवख्या हाताला ते बरं. एक मात्र सगळ्यांना लागू: फ्रीझरमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. मुंबईत किंवा पणजीत जुलैमध्ये थंड बाटली उघडली की आत दव धरतं. श्वार्त्झ रिएजंट तर तेवढ्यानेच मरतो. त्याला उजेडही सोसत नाही, म्हणून फॉइल गुंडाळूनच ठेवा.

## ४. ब्रोमाइड तपासा आणि शुद्ध करा

बाजारात मिळणारं बीटा-ब्रोमोस्टायरीन बहुतेक वेळा ई आणि झेडचं मिश्रण असतं. बाटलीवर ‘ट्रान्स’ ठळक छापलेलं असलं तरी. लेबलवर जाऊ नका, एक थेंब घेऊन प्रोटॉन एनएमआर काढा.

ई समघटकाचे दोन डब्लेट साधारण ७.१ आणि ६.८ वर येतात, J मूल्य (शिखर किती अंतराने दुभंगतं ते) १४ हर्ट्झ. झेडचा एक डब्लेट ६.४ च्या आसपास एकटा उभा असतो, J मूल्य ८ हर्ट्झ. त्या ६.४ च्या शिखराचं इंटिग्रेशन म्हणजे तुमच्या उत्पादनातल्या भेसळीचा आगाऊ अंदाज.

झेड काढून टाकायची युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. झेडमध्ये ब्रोमीन आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन एकमेकांच्या विरुद्ध बाजूला असतात, त्यामुळे बेस दिल्यावर हायड्रोजन ब्रोमाइड पटकन निघून जातो आणि फेनिलअ‍ॅसिटिलीन तयार होतं. ई समघटकाला तसं जमत नाही, तो बराच काळ टिकून राहतो.

समजा ५ ग्रॅम मिश्रण आहे आणि त्यात १२% झेड, म्हणजे सुमारे ३.३ मिलिमोल. त्याच्या दुप्पट सोडियम हायड्रॉक्साइड, साधारण ०.२७ ग्रॅम, २० मिलि आयसोप्रोपनॉलमध्ये घालून रिफ्लक्सला ठेवा. दर अर्ध्या तासाने नमुना काढून जीसी किंवा एनएमआर पाहा. झेड संपला की थांबा. रात्रभर सोडून घरी गेलात तर ई सुद्धा हळूहळू कमी होतो. थंड करून पाणी घाला, हेक्झेनमध्ये काढा, दोनदा पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर वाळवा.

आता फेनिलअ‍ॅसिटिलीन पूर्ण काढायचं. ते १४२ अंशांना उकळतं, ब्रोमोस्टायरीन २०० च्या पुढे. रोटाव्हेपरनंतर थोडा वेळ हाय व्हॅक्यूमवर ठेवलं की निघून जातं. हा टप्पा गाळू नका. राहिलेलं फेनिलअ‍ॅसिटिलीन तांबं नसतानाही पॅलेडियमवर ब्रोमाइडशी जुळू शकतं, आणि डायीनच्या जोडीला ईनाइन मिळतं. ते कॉलमवर वेगळं करणं म्हणजे डोकेदुखी.

## ५. बोरोनेट बनवा

इथेही कॅटॅलिस्टच काम करतो. कोरड्या, अरगॉन भरलेल्या व्हायलमध्ये १-हेक्झाइन १० मिलिमोल (०.८२ ग्रॅम, सुमारे १.१५ मिलि) घ्या. बर्फात ठेवून पिनाकोलबोरेन १०.५ मिलिमोल (१.३४ ग्रॅम, सुमारे १.५ मिलि) थेंबथेंब घाला. मग श्वार्त्झ रिएजंट १ मिलिमोल (२५८ मिग्रॅ) आणि ट्रायइथाइलअमाइन १ मिलिमोल (०.१४ मिलि). व्हायल घट्ट बंद करून ६० अंशांवर रात्रभर ढवळा. सॉल्व्हंट लागत नाही. हेक्झाइन ७१ अंशांना उकळतं, तेव्हा तापमान वर जाऊ देऊ नका आणि हूडची काच खाली ठेवा.

सकाळी थंड करून १० मिलि हेक्झेन घाला. उरलेलं पिनाकोलबोरेन मारायला दोन-तीन थेंब पाणी टाका. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून व्हायल आधी उघडी करा. मग २-३ सेंमी सिलिकाच्या थरातून गाळा आणि थोड्या इथाइल अ‍ॅसिटेट मिसळलेल्या हेक्झेनने धुवून घ्या. पूर्ण उतारा (यील्ड) धरला तर २.१० ग्रॅम. व्हॅक्यूमवर तासन् तास ठेवू नका, थोडं थोडं उडत राहतं.

एनएमआरमध्ये ५.४ जवळ डब्लेट आणि ६.६ जवळ डब्लेट ऑफ ट्रिप्लेट्स, दोन्हीत १८ हर्ट्झ दिसायला हवेत. पिनाकोलचे बारा हायड्रोजन १.२६ वर एकाच सरळ शिखरात. बोरॉन-११ चा सिग्नल ३० च्या आसपास. कार्बन-१३ मध्ये एक कार्बन कमी दिसेल. बोरॉनला चिकटलेल्या कार्बनचं शिखर इतकं पसरतं की तळरेषेत बुडून जातं. पहिल्यांदा स्पेक्ट्रम पाहणारा हमखास घाबरतो आणि बॅच पुन्हा लावतो. नका लावू, रेणू बरोबर आहे.

## ६. ऑक्सिजन काढा

हवेतला ऑक्सिजन इथे दोन नुकसानं करतो. पॅलेडियम मारतो, आणि दोन बोरोनेट एकमेकांना जोडून टाकतो. आपल्या उदाहरणात त्यातून (५ई,७ई)-डोडेका-५,७-डायीन तयार होतो. तोही हायड्रोकार्बन, उत्पादनही हायड्रोकार्बन. हेक्झेनच्या कॉलमवर दोघे हातात हात घालून उतरतात. म्हणून तो नंतर काढायच्या भानगडीत न पडता आधीच टाळायचा.

पोटॅशियम फॉस्फेट १.२७ ग्रॅम (६ मिलिमोल) ३ मिलि पाण्यात विरघळवा. द्रावण तापतं, थंड होऊ द्या. ९ मिलि डायॉक्झेन वेगळ्या फ्लास्कमध्ये घ्या. दोन्हीत लांब सुई तळापर्यंत नेऊन २० मिनिटं अरगॉन सोडा, आणि दुसरी छोटी सुई वायू बाहेर जायला सेप्टममध्ये ठेवा. सुईचं टोक द्रवाच्या वर ठेवून ‘बबलिंग केलं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. बुडबुडे डोळ्यांनी दिसले पाहिजेत.

फक्त वर फुगा लावून भागत नाही. फुग्याच्या रबरातून हवा आत झिरपते. फुगा अभिक्रिया चालू असताना दाब राखायला ठीक, डीगॅसिंगला नाही.

## ७. कपलिंग

1. श्लेंक ट्यूबमध्ये ढवळणी आणि पॅलेडियम ४९ मिग्रॅ (०.०६ मिलिमोल, ३ मोल टक्के) घ्या. व्हॅक्यूम, अरगॉन, असं तीनदा.
2. ब्रोमोस्टायरीन ३६६ मिग्रॅ (२ मिलिमोल) आणि बोरोनेट ५०४ मिग्रॅ (२.४ मिलिमोल) डीगॅस केलेल्या डायॉक्झेनमध्ये विरघळवून सिरिंजने घाला.
3. बेसचं द्रावण घाला. रंग केशरीवरून गडद होतो. पॅलेडियम(२) चं पॅलेडियम(०) होत असतं.
4. ८० अंशांच्या ऑइल बाथमध्ये ठेवून जोरात ढवळा. मिठाच्या दाट द्रावणामुळे दोन थर पडतात, संथ ढवळलं तर कपलिंग अर्ध्यावर रेंगाळतं.
5. दोन तासांनी पहिला नमुना काढा.

बोरोनेट जास्त का घेतलं? ब्रोमोस्टायरीन उरलं तर ते उत्पादनापासून वेगळं करणं फार अवघड, दोघेही हेक्झेनमध्ये जवळजवळ एकत्र धावतात. बोरोनेट उरलं तर ते कॉलमवर बरंच मागे राहतं. म्हणून ज्याला वेगळं करणं कठीण, ते पूर्ण संपवायचं.

पाणी का लागतं, हाही प्रश्न येतो. बोरॉनवरचा गट पॅलेडियमवर सरकायला हायड्रॉक्साइडची गरज असते. ‘कोरडं ठेवू’ म्हणून पाणी वगळलंत तर पिनाकोल एस्टर ढिम्म बसून राहतो.

हिशेबाची एक बाब. पॅलेडियम(२) वापरता तेव्हा त्याचं पॅलेडियम(०) व्हायला दोन बोरोनेट खर्ची पडू शकतात, आणि त्यातून तो नकोसा डोडेकाडायीन निघतो. ०.०६ मिलिमोल पॅलेडियमसाठी जास्तीत जास्त सुमारे १० मिग्रॅ. एवढी भेसळ दिसली तर डीगॅसिंगला दोष देऊ नका. ३०-४० मिग्रॅ दिसली तर मात्र हवा शिरली आहे.

## ८. टीएलसीवर विसंबू नका

ब्रोमोस्टायरीन आणि डायीन दोघांचे ठिपके शुद्ध हेक्झेनमध्ये वर, जवळजवळ एकमेकांवर. दोघेही यूव्हीत काळे, दोघेही परमँगनेटमध्ये पिवळे. ठिपका बदलला नाही म्हणून अभिक्रिया ‘झालीच नाही’ असं ठरवून चांगली बॅच फेकून दिली जाते.

०.१ मिलि नमुना पाणी आणि हेक्झेनमध्ये हलवा, वरचा थर छोट्या सिलिका पिपेटमधून गाळून जीसी-एमएसला द्या. ब्रोमाइडची ओळख पटकन पटते: १८२ आणि १८४ ही जवळजवळ समान उंचीची जोडी. उत्पादनाचं वस्तुमान १८६, ते एकटं असतं. जोडी गेली की काम झालं.

## ९. वर्क-अप आणि कॉलम

थंड करा, २० मिलि हेक्झेन आणि १० मिलि पाणी घालून सेलाइटमधून गाळा. सेंद्रिय थर तीनदा पाण्याने धुवा, त्यात पिनाकोलही बराचसा जातो. वाळवून रोटाव्हेपरवर घ्या, बाथ ३५ अंशांच्या वर नको.

सिलिका सुमारे ३० ग्रॅम, हेक्झेनमध्ये १% ट्रायइथाइलअमाइन घालून भरा आणि मग साध्या हेक्झेनने धुवून घ्या. नुसती सिलिका आम्लधर्मी असते आणि डायीन, विशेषतः झेड असलेला, तिच्यावर बसून राहिला तर समघटक बदलतात. कॉलम लावून जेवायला जायचं नाही. २ मिलिमोलचा पूर्ण उतारा ३७३ मिग्रॅ, ८०% म्हणजे २९८ मिग्रॅ.

## १०. एनएमआर कसा वाचायचा

डॉयटेरेटेड क्लोरोफॉर्म जुनं झालं की त्यात आम्लाचा अंश येतो. बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या थरातून गाळूनच वापरा, नाहीतर स्पेक्ट्रम चालू असतानाच नमुना बदलेल आणि दोष तुमच्या कपलिंगला लागेल.

ई,ई डायीनचे चार व्हिनाइल प्रोटॉन वेगवेगळे दिसतात: ६.७५ (डब्लेट ऑफ डब्लेट्स, १५.६ आणि १०.४ हर्ट्झ), ६.४४ (डब्लेट, १५.६), ६.२१ (डब्लेट ऑफ डब्लेट्स, १५.२ आणि १०.४), ५.८४ (डब्लेट ऑफ ट्रिप्लेट्स, १५.२ आणि ७). पंधरा-सोळाच्या घरातलं J मूल्य म्हणजे ई, दहा-बाराच्या घरातलं म्हणजे झेड. १०.४ पाहून ‘झेड आला’ म्हणू नका. ते मधल्या एकेरी बंधापलीकडच्या शेजाऱ्याशी असलेलं नातं आहे. ही गल्लत फार होते.

५.६ आणि ६.० जवळ वेगळे मल्टिप्लेट दिसले तर तो डोडेकाडायीन. १.२६ वर टोकदार शिखर उरलं असेल तर पिनाकोल किंवा बोरोनेट.

## बिघडलं तर

दहा मिनिटांत भिंतीवर काळा थर: हवा शिरली किंवा कॅटॅलिस्ट जुना. नवं पॅलेडियम त्याच भांड्यात ओतून सहसा उपयोग होत नाही, पुन्हा लावा.

बोरोनेट गायब, ब्रोमाइड तसाच, उत्पादन थोडं: बोरॉन निघून त्याजागी हायड्रोजन बसला. त्यातून होणारं १-हेक्झीन ६३ अंशांना उकळतं, त्यामुळे कशातच दिसत नाही आणि माल हवेत विरल्यासारखा वाटतो. फार जास्त तापमान किंवा फार लांबलेला वेळ हे नेहमीचं कारण. ६० अंशांवर करून पाहा.

समघटकांचं प्रमाण खराब: आधी ब्रोमाइडचा जुना एनएमआर काढून बघा. दोन्ही प्रमाणं जुळली तर उत्तर तिथेच मिळालं. नाही जुळली तर सिलिका, क्लोरोफॉर्म आणि उजेड, या क्रमाने शोधा.

## ११. साठवण आणि कचरा

डायीन हवेत ऑक्सिजन घेतात, पेरॉक्साइड आणि चिकट पॉलिमर बनवतात. अंबर व्हायल, अरगॉन, चिमूटभर बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं संयुग) आणि उणे २० अंश. आयोडीनच्या टीएलसी बरणीजवळ उघडी व्हायल ठेवू नका, आयोडीनचा अंश आणि उजेड मिळून झेड बंध उलटवतात. महिनोन् महिने पडलेला डायीन कोरडा होईपर्यंत कधीच डिस्टिल करू नका, आधी पेरॉक्साइड पट्टीने तपासा. तीच खबरदारी जुन्या डायॉक्झेनला.

सेलाइटवर अडकलेलं पॅलेडियम ओलं ठेवूनच वेगळ्या बाटलीत टाका. सॉल्व्हंटने भिजलेलं सेलाइट हवेत वाळत ठेवलं तर पेट घेऊ शकतं, आणि कचऱ्याच्या डब्यात कागदी टॉवेल असतातच.